कोण ओझी? खयच्या वाडीतलो?

ताईनू, सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात भजनाचा बुवा. वीस वर्षं डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे समोरासमोरचे भजनाचे सामने, केल्या. मुलगा अठरा वर्षांचा, आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठव्या वर्षापासून माझ्याबरोबर पखवाजाला बसायचा, लोक त्याला 'धाकलो मृदंगमणी' म्हणायचे. गेल्या दीड वर्षात सगळं फिरलं. केस खांद्यापर्यंत. अंगात काळी बनियनं, त्यांवर कवट्या, बोकडाची डोकी आणि वडाच्या पारंब्यांसारखी अक्षरं, ती कोणालाच वाचता येत नाहीत. मोबाइलवर जे लावतो त्यात माणूस गातोय की कोणी त्याचं नरडं आवळलंय, तेच कळत नाही. फोटो काढताना हाताची दोन बोटं शिंगांसारखी वर करतो. आयटीआयच्या सरांनी केस कापून ये म्हणून सांगितलं, ऐकत नाही.

जुलैत एक दिवस जेवला नाही, डोळे लाल. विचारलं तर म्हणाला, "ओझी गेलो." मी म्हटलं, "कोण ओझी? खयच्या वाडीतलो?" तर "बाबा, तुमका नाय कळाचा" म्हणून मांगरात, शेतावरच्या खोपीत, निघून गेला. यंदा गणपतीत पखवाजाला बसला नाही. मला शेजारच्या वाडीतला मुलगा आणावा लागला. आता दोन मित्रांना घेऊन मांगरात बँड काढायचा म्हणतो, ड्रमसेटला पैसे मागतो. वाडीत बोलतात की ही सैतानाची पूजा, यात पोरं नशेला लागतात. त्याची आई म्हणते, एकदा घाडीला, देवाला कौल लावणाऱ्याला, विचारू. मला वाटतं ती बनियनं चुलीत घालावीत. झील हातचो गेलो काय?

एक बुवा

*

बुवानू, नमस्कार.

बनियनं चुलीत घालू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी, कारण तुमचं पत्र इथपर्यंत यायला आठवडा गेलाय आणि चूल तुमच्याकडे रोज पेटते.

आमच्या घरात हे होऊन गेलंय. नव्वदच्या दशकात माझा दादा मुंबईत कॉलेजला होता आणि तुमच्या मुलासारखाच या संगीतात बुडालेला. वडापावचे पैसे वाचवून कोऱ्या कॅसेटी घ्यायचा, मित्रांकडून त्यांवर गाणी उतरवून आणायचा, कव्हरं स्वतः पेनने काढायचा. मे महिन्यात आंबे काढायला घरी आला तेव्हा बाबांना ती पिशवी सापडली. कव्हरांवर कवट्या. बाबा एक शब्द बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि बागेतल्या विहिरीत टाकली. पुढची दोन वर्षं पोफळींना पाणी लावताना पंप मध्येच पाणी सोडायचा, आणि फुटव्हॉल्व्ह वर काढला की त्याला काळी फीत गुंडाळलेली असायची. ती सोडवत बाबाच बसायचे, नखाने, वीतभर वीतभर करून. दादा भांडला नाही. घरी यायचा, जेवायचा, आंब्याच्या पेट्या भरायला हात लावायचा. पण त्या घरात त्याने पुन्हा कधी काही ऐकलं नाही आणि आपल्या मनातलं काही सांगितलंही नाही. बाबा गेले, तोवर असंच चाललं.

त्याआधी एकदा दादा मला धोबीतलावच्या रंगभवनात घेऊन गेला होता. तिथे ऑगस्टमध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. उघडं रंगमंदिर, पाऊस, चिखल, आणि केस भिजून तोंडावर आलेली शेकडो पोरं एकमेकांना धडका देत नाचत होती. मला धडकी भरली. मग एक पोरगा घसरून पडला आणि चार जणांनी त्याला बगलेत हात घालून उभा केला, चष्मा शोधून दिला, आणि पुन्हा धडका सुरू. शिमग्यात पालखी नाचवताना आपल्याकडे कोणाचा पाय घसरला तर काय होतं? तेच झालं. या संगीतातलं मला सगळं आवडतं असं नाही. बरंचसं एकसुरी आहे, आणि काही तर निव्वळ कचरा. पण त्या दिवसापासून मी या पोरांना घाबरत नाही.

तर आता ओझी.

ओझी ऑसबॉर्न. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या ॲस्टन भागातला, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेला कामगाराचा मुलगा. पोटासाठी काही काळ कत्तलखान्यात काम केलं. १९६८ साली त्याने आणि त्याच भागातल्या तिघांनी मिळून जो बँड काढला, त्याचं नाव पुढे ब्लॅक सबाथ झालं. हेवी मेटलची, म्हणजे तुमचा मुलगा ऐकतो त्या संगीताची, गंगोत्री म्हणून जाणकार याच बँडकडे बोट दाखवतात. ओझी २२ जुलै २०२५ रोजी ७६व्या वर्षी वारला. त्याच्या सतराच दिवस आधी, ५ जुलैला, त्याच ॲस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला होता. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसून गायला, जुने तिन्ही साथीदार बाजूला घेऊन. तुमच्या मुलाने ते नक्कीच मोबाइलवर पाहिलं असणार. एखादा मोठा बुवा शेवटची बारी खुर्चीत बसून म्हणतो आणि पंधरवड्यात जातो, तेव्हा तुमच्या घशाखाली घास उतरला असता का? तुम्ही विचारलंत ते भोळेपणाने, मला पटतं. पण त्या पोराला त्या दिवशी घरात समाचाराला एकही माणूस नव्हता.

या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी. त्याची गोष्ट तुमचा मुलगा फिटर आहे म्हणून मुद्दाम सांगते, आणि ती पुढे मला कामालाही येणार आहे. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी त्याला सवय नसलेल्या मशीनवर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. सगळे म्हणाले, संपलं. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगोचा डावा हात आगीत भाजला होता आणि तो दोनच धड बोटांनी गिटार वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, घासून घासून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तरीही तारा दाबताना दुखायचं. म्हणून त्याने आधी बारीक तारा घेतल्या, आणि पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी तारांचा ताण सोडून गिटारच खाली उतरवली. तार सैल झाली, बोटाला आराम पडला आणि आवाज जड झाला. त्या आवाजाचा मेटलवाल्यांना पुढे इतका नाद लागला की धडधाकट बोटांचे लोकही गिटार खाली उतरवायला लागले.

आता तुम्ही मला सांगा, पखवाजाच्या धुम्याला कणकेचा गोळा कशाला थापता? आवाज खाली यावा, छातीत घुमावा म्हणूनच ना? तुमच्या घरात तो मुलगा दहा वर्षं कणीक लावत बसला. त्याला जड आवाजाची गोडी कुठून लागली, हे शोधायला बर्मिंगहॅमला जायची गरज नाही.

पेटी जवळ असेल तर आणखी एक गंमत करा. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०चा, वार शुक्रवार. तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार म्हणजे आपल्या अवसेसारखा अशुभ, आणि तो मुद्दाम धरला होता. सुरुवातीला पाऊस पडतो, लांबवर घंटा वाजते, आणि मग गिटारवर तीनच स्वर: सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. त्यावर थांबतात. पंचमावर येत नाहीत. पेटीवर सावकाश वाजवून बघा, अंगावर काटा येतो. तुमच्यासारख्या तयार कानाला तर जास्तच येईल, कारण तुमचा कान पंचमाची वाट बघतो. भुताखेताचं वातावरण हे असं स्वरांतून उभं केलेलं आहे. तुम्ही पहाटे बारी संपवताना जी भैरवी म्हणता, तिचे कोमल रिषभ-गंधार-धैवतही या लोकांच्या खास आवडीचे. त्यांच्याकडे त्या सप्तकाचं नाव वेगळं, इतकंच.

सैतान, कवट्या, काळे कपडे. वाडीत जे बोलतात त्यांना माझ्याकडून एकच विचारा: आपल्या दशावतारात आधी काळ्या कपड्यांत कोण येतो? संकासुर. वेद चोरणारा राक्षस. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, तो आला की मांडीवरची पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात आणि मोठी माणसं हसून हसून लोळतात, कारण तो मालवणीत काय वाटेल ते बोलतो. शेवटी विष्णूच्या हातून मरतो. संकासुराचं काम करणाऱ्या नटाला कोणी राक्षसभक्त म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि तुमच्याच तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. भुतांचा राजा, आणि त्यालाच आपण गावाचा राखणदार म्हणून केळीचा घड आणि हातभर लांब चामड्याच्या चपला वाहतो, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात. जिथल्या लोकांनी वेताळाला घरचा करून घेतला, त्यांनी बनियनवरच्या बोकडाला भ्यावं?

मुंबईतल्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडने २०१७ साली आख्खा अल्बम काढला, त्याचं नाव 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत. नरडं आवळल्यासारखा आवाज त्यातही आहे, ड्रमही तेच. मुलाला विचारा त्याच्याकडे आहे का. नसेल तर तुम्ही नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. दिल्लीचा ब्लडीवूड म्हणून बँड आहे, तो गिटारच्या जोडीला ढोल घेऊन वाजवतो. २०१९ साली जर्मनीत वाकन गावच्या मेटलच्या जत्रेत जाऊन वाजवून आला.

शिंगांचं तर याहून सोपं आहे. ओझीची दारू आणि नशा इतकी वाढली की १९७९ साली बँडने त्याला काढलं. त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. याची आजी इटालियन. कोणाची वाईट नजर लागू नये म्हणून ती बोटांची अशी शिंगं करायची. लहानपणी पाहिलेलं ते त्याने स्टेजवर केलं आणि जगभर पसरलं. म्हणजे तुमच्या घरात आजी मीठ-मोहरी ओवाळून टाकते आणि नातू बोटांची शिंगं करतो, दोघं दृष्टच काढतात. वहिनींना हे सांगा. घाडीकडचा नारळ वाचेल.

आता वाडीतल्या लोकांच्या बोलण्यात जे खरं आहे तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई एकाच बाजूने बोलली. ओझीने १९८२ साली स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलं होतं. रबराचं वाटलं, असं त्याने नंतर सांगितलं आणि रेबीजची इंजेक्शनं घेतली. नॉर्वेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल नावाच्या शाखेतल्या काही टाळक्यांनी लाकडी चर्चं जाळली, बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं चर्च १९९२ साली असंच गेलं. त्यांतले काही तुरुंगात गेले, आणि गेले ते बरं झालं. अमेरिकेत १९९० साली रीनो शहरात दोन घरांनी जुडास प्रीस्ट या बँडवर खटला भरला होता, की रेकॉर्डमध्ये लपवलेल्या शब्दांमुळे आमच्या मुलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. न्यायाधीशाने बँडला जबाबदार धरलं नाही. पण मी तो प्रसंग वाचते तेव्हा मला त्या आयांचंच वाटतं. मूल गेल्यावर माणूस कशालातरी धरून बसतो.

म्हणून बघायचं असेल तर बनियनकडे न बघता मुलाकडे बघा. झोप लागते का. आयटीआयला रोज जातो का. जेवण सुटलंय का, की तो एकच दिवस होता. जुने मित्र तुटले का. पैसे, वस्तू नाहीशा होतात का. 'मी नसलो तर बरं' असं काही बोलतो का. यातलं काही दिसलं तर थेट सावंतवाडीला नाहीतर ओरोसला डॉक्टरांकडे न्या, संगीताचा विषयही काढू नका. तुमच्या पत्रावरून मला असं काही दिसत नाही. बँड काढायला दोन मित्र जमवतो, मांगर मागतो, पैसे मागतो तोही तुमच्याकडेच. हातचा गेलेला मुलगा बापाकडे मांगर मागत नाही.

नशेबद्दल त्याच्याशी सरळ बोला, आणि त्याच्याच देवाचं उदाहरण घ्या. ज्या बँडचा तो प्राण होता, त्याच बँडने त्याला नशेपायी बाहेर काढलं, हे मुलाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आणि हे तुम्हाला आवडणार नाही, पण आपल्याकडे भजनाच्या बारीनंतर मागच्या पडवीत काय चालतं, तेही त्याने लहानपणापासून पाहिलेलं आहे.

केसांच्या बाबतीत मी आयटीआयच्या सरांच्या बाजूने आहे, पण कापायच्या नाही. लेथ फिरत असताना मोकळा केस चकमध्ये गेला तर माणसाची कवटी सोलून निघते. तो विषय फॅशनचा नाही. इथे आयोमीची बोटं आठवण करून द्या. वर्कशॉपमध्ये केस घट्ट बांधायचे, आत खोचायचे, वर टोपी, एकही बट बाहेर नाही. आणि मशीनवर ते सैल काळं बनियन नको, डांगरीच घालायची. एवढं तो पाळणार असेल तर तुम्ही स्वतः सरांना जाऊन भेटा आणि सांगा की जबाबदारी माझी. बाप आपल्या केसांसाठी सरांकडे गेला, ही गोष्ट तो विसरणार नाही. त्यातूनही सर नाहीच म्हणाले तर नियम त्यांचा, मग कापू दे. परत वाढतात.

त्या आवाजाचंही ऐका, कारण तुम्ही गळ्यावर जगणारा माणूस. गुरगुरल्यासारखं गातात ते नुसतं ओरडणं नसतं. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक पडद्यांची जोडी असते, ती थरथरवून तो खर्ज काढतात. शिकून केलं तर माणूस वर्षानुवर्षं गातो, नुसतं बोंबललं तर महिन्यात गळा बसतो. त्यांच्यात गाणारा कोण आहे ते विचारा, आणि गाऊन झाल्यावर दुखतं का, आवाज घोगरा होतो का तेही विचारा. दुखत असेल तर ते चुकतंय. हे त्याला सांगायला तुमच्याइतका अधिकार वाडीत कोणाचा नाही. बाय द वे, आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन परवानाधारक वैमानिक आहे. २००८ साली बँडचं विमान स्वतः चालवत मुंबईला आला आणि १ फेब्रुवारीला तिथे गायला. डबलबारीला स्वतः एसटी चालवत आलेला बुवा मला अजून भेटायचाय.

मांगर द्या. पण त्याआधी तीन कामं.

वायरमन बोलवा. मांगरात घरातून ओढलेली एखादी वायर आणि एक बल्ब असणार, अर्थिंगचा पत्ता नसणार. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ॲम्पमधून अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग खराब, जमीन पावसाने ओली, पायात चप्पल नाही आणि ओठ माईकला लागला, तर झटका बसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच), एवढं झाल्याशिवाय प्लग लावू देऊ नका. खड्डा मुलांनाच खणू दे.

दुसरं, कान. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम सहज शंभरच्या वर जातो, आणि चिऱ्याच्या भिंती आवाज परत फेकतात. भिंतींना जुन्या गोधड्या आणि गोणपाटं टांगा, कानात बोळे सक्तीचे. एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. हे सांगताना तुम्ही कर्ण्यासमोर काढलेली वीस वर्षंही आठवा. टीव्हीचा आवाज घरात कोण वाढवतं?

तिसरं, शेजार. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद हा कायदा भजनालाही आहे आणि बँडलाही. मुलांनी स्वतः घरोघर जाऊन सांगावं, की आम्ही संध्याकाळी अमुक ते अमुक वाजवणार, कोणाकडे आजारी माणूस असेल, परीक्षा असेल तर बंद ठेवू. कवटीचं बनियन घालून गेले तरी चालेल. उलट तसंच जावं.

ड्रमसेट एकदम घेऊ नका. आधी रबरी पॅड आणि काठ्या घेऊन सहा महिने हात बसू दे, पायासाठी नुसतं पेडल. एवढं टिकलं तर जुना सेट बघा, निम्मे तुमचे, निम्मे त्याने सुट्टीत काम करून. गिटारवाल्या मित्राला सांगा, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवायची नाही. आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात तार आठवड्यात गंजते, मांगरात तर त्याहून लवकर.

राहिला गणपती. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीसाठी आहे. दहा वर्षं डाव्या हाताला पोरगा बसलेला, तुम्ही मान हलवायच्या आत त्याचा हात पडणारा, आणि यंदा तिथे परका मुलगा. तुम्हाला कवट्यांचं एवढं काही नाही, बुवा. तुम्हाला साथ हवी आहे. तसंच त्याला सांगा. 'संस्कार', 'लोक काय म्हणतील' यातलं काहीही न घालता: "तू नव्हतास, बारी रंगली नाही." पुढच्या वर्षी बसच असं म्हणू नका. बसेल तेव्हा बसेल, कदाचित बसणारही नाही.

तोवर तुम्ही त्याच्या बाजूला बसा. स्वीडनमध्ये मेशुगा नावाचा बँड आहे, उमेओ गावचा, १९८७ पासूनचा. त्यांचं २००८चं 'ब्लीड' लावायला सांगा. गाणाऱ्याकडे पहिल्यांदा लक्षच देऊ नका, अर्थही विचारू नका. ड्रमवाल्याच्या हातातली झांज ऐका: चार मात्रांचा सरळ ठेका, हलत नाही. त्याचे पाय आणि गिटार मात्र वेगळ्याच लांबीचं आवर्तन घेऊन फिरत असतात, झांजेला ओलांडून पुढे जातात, मागे पडतात, तुटल्यासारखे वाटतात आणि पुन्हा येऊन एका जागी आदळतात. तुम्ही मांडीवर टाळी-खाली धरा. पहिल्या वेळी सम हुकणार. माझी तर दहा वेळा हुकली आणि शेवटी मी नाद सोडला. तुमची हुकली की गाणं थांबवा आणि त्याला विचारा, "रे, सम खय आसा?"

त्याने दाखवली की मला कळवा. मलाही हवी आहे.